कर्नल बदलला तरी वाय-फाय टिकतं का? आल्फाच्या दोन यूएसबी अडॅप्टरची पारख

लिनक्सच्या मशीनसाठी वाय-फाय अडॅप्टर घेताना खोक्यावर छापलेला वेग सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघायचं ते आतल्या चिपचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्राम) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत आहे की बाहेर. विकत घेतल्याच्या दिवशी या फरकाची जाणीव होत नाही. ती होते कर्नलचं अपग्रेड होऊन मशीन पुन्हा सुरू झाल्यावर, जेव्हा घरातले फोन, टीव्ही सगळं नीट चालू असतं आणि फक्त लिनक्सच्या मशीनवर नेट नसतं.

आल्फा कंपनीचे दोन अडॅप्टर या कसोटीला लावून बघण्यासारखे आहेत, कारण कागदावर ते जवळजवळ जुळे आहेत. एडब्ल्यूयूएस०३६एसीएम आणि एडब्ल्यूयूएस०३६एसीएच. दोन्ही एसी१२०० वर्गातले, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ मेगाबिट जोडणीचा दर. दोन्हींना दोन काढता येणाऱ्या अँटेना, दोन्ही यूएसबी ३. नावातही फरक एका अक्षराचा, त्यामुळे ऑर्डर करताना चूक होणं अगदी सोपं. पण एसीएममध्ये मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप आहे आणि एसीएचमध्ये रिअलटेकची आरटीएल८८१२एयू. लिनक्सवाल्यासाठी सगळा निकाल इथेच लागतो.

एमटी७६१२यूचा ड्रायव्हर, एमटी७६एक्स२यू, कर्नल ४.१९ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०१८ पासून मूळ कर्नलमध्ये आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की कर्नलमधलं एखादं अंतर्गत फंक्शन कुणी बदललं किंवा काढून टाकलं, तर ते वापरणारे आतले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करण्याची जबाबदारी बदल करणाऱ्यावरच असते. बाहेरच्या ड्रायव्हरचा विचार करायला कुणी बांधील नाही. अंतर्गत इंटरफेस स्थिर ठेवला जाणार नाही, हे कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे आणि तसंच वागलंही जातं. ५.६ मध्ये प्रॉक फाइलसिस्टिमच्या नोंदींसाठी वेगळं स्ट्रक्चर आलं, ६.१ मध्ये नेटवर्क पोलिंगच्या एका फंक्शनमधला एक आर्ग्युमेंट गेला, ६.१५ मध्ये जुनी टायमर फंक्शनं काढली गेली. प्रत्येक वेळी आतले ड्रायव्हर त्याच दमात सुधारले गेले आणि बाहेरचे कंपाइल व्हायचे, म्हणजे सोर्समधून बांधले जायचे, थांबले.

६.१५ मधला आणखी एक बदल मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण त्याचा एरर फार चकवतो. मॉड्यूलच्या, म्हणजे कर्नलला जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या, मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कंपायलरला जास्तीचे पर्याय द्यायचा 'एक्स्ट्रा सीफ्लॅग्ज' नावाचा जुना व्हेरिएबल तेव्हा बंद झाला. रिअलटेकचे बाहेरचे ड्रायव्हर आपल्या हेडर फाइलचा (बांधणीला लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइलचा) रस्ता नेमका त्यातूनच सांगत. व्हेरिएबल बंद झाल्याची कुठलीही सूचना येत नाही. कर्नल तो निमूट दुर्लक्षून पुढे जातो आणि एरर येतो तो 'ड्रव्ह टाइप्स' नावाची हेडर फाइल सापडत नाही असा. वाचणाऱ्याला वाटतं डाउनलोड अर्धवट झालं, किंवा कर्नल हेडरचं पॅकेज बसवायचं राहिलं. प्रत्यक्षात फाइल तिथेच, त्याच फोल्डरमध्ये पडलेली असते. उपाय म्हणजे ड्रायव्हरची नवी आवृत्ती घेणं, किंवा मेकफाइलमध्ये त्या व्हेरिएबलच्या जागी 'सीसीफ्लॅग्ज-वाय' लिहिणं.

एसीएचच्या बाजूने सांगितलं जातं, की बाहेरचे ड्रायव्हर बांधून देणारी डीकेएमएस ही सोय आहे ना, नवा कर्नल आला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधला जातो. बांधला जातो हे खरं, पण त्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. नव्या कर्नलच्या हेडर फाइल बसलेल्या हव्यात. डेबियन-उबुंटूवर हेडरचं फक्त एका आवृत्तीचं पॅकेज बसवलं आणि मेटा-पॅकेज (दरवेळी नवी आवृत्ती ओढून आणणारं पॅकेज) बसवलं नाही, तर पुढच्या अपग्रेडला कर्नल येतो, हेडर येत नाहीत. कंपायलर कर्नलला साजेसा हवा. उबुंटू २२.०४ वर ६.५ चा कर्नल आला तेव्हा तो जीसीसी १२ या कंपायलरने बांधलेला होता आणि मशीनवर मुळात जीसीसी ११ होता, त्यामुळे कंपायलरला न कळणाऱ्या एका पर्यायावर बांधणी अडकत होती. जीसीसी १२ बसवलं की काम होत होतं. ड्रायव्हरचा सोर्स नव्या कर्नलशी जुळणारा हवा, ते वर आलंच. आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चढू न देणारी सोय) चालू असेल, तर बांधलेलं मॉड्यूल सही केलेलं आणि ती सही मशीनने मान्य केलेली हवी.

या चारपैकी नेमकं काय चुकलं ते शोधायला फार वेळ लागू नये. 'डीकेएमएस स्टेटस' चालवा. त्यात चालू कर्नलच्या आवृत्तीपुढे 'इन्स्टॉल्ड' दिसलं नाही, तर बांधणीच झालेली नाही. मग 'व्हार-लिब-डीकेएमएस'मध्ये त्या ड्रायव्हरच्या फोल्डरात 'मेक डॉट लॉग' उघडायचा आणि तळापासून नव्हे, वरून पहिला एरर शोधायचा. शेवटच्या पाच ओळी जवळजवळ कधीच कामाच्या नसतात. 'इन्स्टॉल्ड' दिसतं पण 'मॉडप्रोब'ने मॉड्यूल चढवल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर येतं, तर ते दुखणं सहीचं. 'मॉकयूटिल'ने डीकेएमएसची सार्वजनिक किल्ली आयात करायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं आणि निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड टाकायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तो हुकला की आयात रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. यावर सिक्युअर बूटच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. एका अडॅप्टरसाठी ती किंमत मोजू नये.

एसीएमला यातलं काहीच लागत नाही. त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या पॅकेजबरोबर येतो, वितरणाच्या, म्हणजे उबुंटू, फेडोरा वगैरेंच्या, किल्लीने सही झालेला असतो. हेडर नको, कंपायलर नको, डीकेएमएस नको. पाच-सहा वर्षं जुन्या मशीनवर वा अगदी ताज्या कर्नलवर, लावला की चालतो, हे त्याचं खरं वैशिष्ट्य आहे.

अर्थात एसीएम कधीच अडत नाही असं नाही, पण अडला तरी तपासाच्या जागा मोजक्या आहेत. सुरुवात 'युनेम -आर'ने करावी, म्हणजे खरंच नव्या कर्नलवर आहात का ते कळतं. आर्च लिनक्सवर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. तिथे कर्नलचं पॅकेज बदललं की जुन्या कर्नलच्या मॉड्यूलचं फोल्डर पुसलं जातं, पण मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत चालू असतो तो जुनाच कर्नल. अशा मधल्या अवस्थेत यूएसबी अडॅप्टर लावला तर मॉड्यूल सापडत नाही असा एरर येतो आणि बिचाऱ्या अडॅप्टरवर खापर फुटतं. मशीन पुन्हा सुरू करणं एवढाच त्यावर उपाय.

मग 'एलएसयूएसबी -टी'. हा आदेश ज्यांना माहीत नाही त्यांनी तो आजच शिकून घ्यावा. यूएसबीचं पूर्ण झाड दाखवतो आणि प्रत्येक उपकरणापुढे ड्रायव्हरचं नाव आणि पोर्टचा वेग देतो. एसीएमच्या ओळीत एमटी७६एक्स२यू आणि ५०००एम दिसलं, तर ड्रायव्हर जोडलेला आहे आणि पोर्ट यूएसबी ३ चं आहे. ४८०एम दिसलं तर केबल किंवा पोर्ट यूएसबी २ चं. ड्रायव्हरची जागा रिकामी असेल तर मॉड्यूल चढलेलं नाही. आणि ओळच नसेल, तर कर्नलला दोष देण्याआधी केबल बदलून बघा, हब काढून टाका आणि थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा.

ड्रायव्हर आहे पण नेटवर्क इंटरफेस (जोडण्यांच्या यादीत अडॅप्टरचं नाव) नाही, अशी स्थिती बहुतेक वेळा फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्ये चढवायच्या प्रोग्रामची, असते. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' अमुक फाइलसाठी अयशस्वी, एरर उणे २, अशी ओळ शोधा. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. एमटी७६१२यूला एमटी७६६२ ने सुरू होणाऱ्या दोन फाइल लागतात, एक रॉम पॅच आणि एक मुख्य फर्मवेअर. उबुंटू, फेडोरा, आर्चवर त्या लिनक्स-फर्मवेअरच्या संचातून येतात. डेबियनवर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग पॅकेजच्या स्रोतांत चालू असावा लागतो. हा वेगळा विभाग डेबियन १२ मध्ये आला, त्यामुळे ११ वरून वर आलेल्या ज्या मशीनवर स्रोतांची फाइल जुनीच राहिली, तिथे कर्नल पुढे जातो आणि फर्मवेअर मागे राहतं. आणखी एक मेख: हाताने स्वतःचा कर्नल बांधणाऱ्यांनी फर्मवेअर दाबलेल्या स्वरूपात असेल तर कर्नलमध्ये त्या प्रकाराचा आधार चालू आहे ना ते बघावं. एक्सझेड ५.३ पासून आणि झेडस्टँडर्ड ५.१९ पासून आहे, पण पर्याय निवडला नसेल तर फाइल डोळ्यांसमोर असूनही उणे २ च मिळतो.

इंटरफेस दिसतो, नेटवर्क दिसत नाहीत, तर 'आरएफकिल लिस्ट'. सॉफ्ट ब्लॉक, म्हणजे रेडिओ सॉफ्टवेअरने बंद, असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय'. फक्त ५ गिगाहर्ट्झची नेटवर्क दिसत नसतील तर 'आयडब्ल्यू रेग गेट'. देशाच्या जागी ०० आला, तर कर्नल सगळ्यात कडक, सगळ्या जगाला चालतील असे नियम लावतो आणि ५ गिगाहर्ट्झच्या बऱ्याच चॅनेलवर स्वतःहून प्रक्षेपण करत नाही. 'डीमेसेज'मध्ये 'रेग्युलेटरी डॉट डीबी' चढली नाही असं दिसलं, तर 'वायरलेस-रेगडीबी' पॅकेज बसवा. अडॅप्टरचा अ‍ॅक्सेस पॉइंट करणाऱ्यांना हे हमखास भोवतं. काल चालणारा हॉटस्पॉट आज ५ गिगाहर्ट्झवर सुरूच होत नाही आणि सगळे होस्टएपीडी या हॉटस्पॉट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या कॉन्फिगमध्ये डोकं घालून बसतात.

आता एसीएमची दुखणी. त्याच्या यूएसबी कोडमध्ये डेटा तुकड्या-तुकड्यांनी एकत्र पाठवण्याची स्कॅटर-गॅदर नावाची सोय आहे. काही यूएसबी ३ कंट्रोलरवर, विशेषतः रास्पबेरी पाय ४ सारख्या छोट्या बोर्डांवर, ती जड वापरात अडचण करते. लक्षण असं, की जोडणी होते, पाने उघडतात, पण मोठी फाइल सुरू केली की अडॅप्टर गप्प होतो आणि काढून लावल्याशिवाय परत येत नाही. अशा वेळी 'मॉडप्रोब डॉट डी'मध्ये एक फाइल करून एमटी७६_यूएसबी मॉड्यूलला 'डिसेबल_यूएसबी_एसजी' हा पर्याय १ द्यायचा आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. पर्याय खरंच लागला का ते 'सिस-मॉड्यूल'मधल्या त्या मॉड्यूलच्या 'पॅरामीटर्स' फोल्डरात दिसतं. तिथे वाय असेल तर लागला. नुसती फाइल लिहिली म्हणजे झालं असं धरून चालू नका.

दुसरं दुखणं सगळ्याच यूएसबी ३ अडॅप्टरचं. यूएसबी ३ चा डेटा वाहताना त्याचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. शेजारच्या पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क असेल तर २.४ वरचा वेग धाडकन पडतो. अर्धा मीटरची चांगली झाकलेली एक्स्टेन्शन केबल हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा इलाज. २.४ च वापरायचं असेल तर यूएसबी २ च्या पोर्टला लावा. तिथे वेग तसाही पोर्टमुळे अडत नाही.

मधूनमधून पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) उड्या मारत असेल तर पॉवर सेव्ह बंद करून बघा. 'आयडब्ल्यू'ने तात्पुरतं, आणि नेटवर्क मॅनेजरमध्ये 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह' ला २ देऊन कायमचं. इथे २ म्हणजे बंद, चालू नव्हे.

वेगाबद्दल भलती अपेक्षा नको. ८६७ हा जोडणीचा दर आहे. हाती पडणारा वेग चांगल्या सिग्नलवर त्याच्या निम्मा ते दोन तृतीयांश धरावा. ब्लूटूथ नाही, वाय-फाय ६ नाही. पण क्लायंट, अ‍ॅक्सेस पॉइंट आणि मॉनिटर (हवेतले सगळे सिग्नल नुसते ऐकणं) ही तिन्ही कामं मूळ ड्रायव्हरच करतो आणि डब्ल्यूपीए३ या नव्या वाय-फाय सुरक्षेसाठी वेगळी खटपट लागत नाही. रिअलटेकच्या बाहेरच्या ड्रायव्हरमध्ये डब्ल्यूपीए३ चालेल की नाही हे त्याच्या कोडची कुठली आवृत्ती उतरवली त्यावर ठरतं.

अपग्रेडनंतर गेलेलं प्रत्येक नेट अडॅप्टरमुळेच जातं असंही नाही. राउटरच्या पत्त्यावर पिंग जातो, बाहेरच्या आयपी पत्त्यावरही जातो, पण नावाने साइट उघडत नाही, तर ते नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस आहे. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' बघा आणि ड्रायव्हरला हात लावू नका. तारेच्या जोडणीचं नाव अनेकदा पीसीआय बसच्या क्रमांकावरून पडतं. बसची मोजणी बदलली की ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं आणि नेटप्लॅन (उबुंटूचं नेटवर्क मांडणीचं साधन) जुन्या नावाची वाट बघत बसतं. तिथे नावाऐवजी मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या कायमच्या क्रमांकावर) जुळणी लावून घ्यावी. डेबियन-उबुंटूवर यूएसबी वाय-फायला हा त्रास सहसा नसतो, कारण तिथे डब्ल्यूएलएक्स आणि पुढे मॅक पत्त्याची बारा अक्षरं असं नाव पडतं, पोर्ट बदललं तरी तेच.

तारेच्या बाबतीत एक सापळा फार जुना आणि फार सापडणारा. रिअलटेकच्या गिगाबिट चिपसाठी कर्नलमध्ये आर८१६९ ड्रायव्हर आहे. कुणीतरी कधीतरी सांगितलं म्हणून आर८१६८ चं डीकेएमएस पॅकेज बसवलेलं असतं आणि ते बसताना आर८१६९ ला ब्लॅकलिस्ट करतं, म्हणजे चढू न देण्याच्या यादीत टाकतं. नव्या कर्नलवर बाहेरचा बांधला जात नाही, आतला चढू दिला जात नाही, आणि तारही मेली. 'एलएसपीसीआय -एनएनके'मध्ये ईथरनेटखाली 'कर्नल मॉड्यूल्स'पुढे आर८१६९ असेल पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल, तर बाहेरचं पॅकेज पूर्ण काढा. आतला बहुतेक ठिकाणी पुरतो.

हे सगळं करताना नेट कुठून आणायचं? फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करा. अँड्रॉइड फोनसाठी लागणारे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. किंवा मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडून चढा. त्यावर वाय-फाय चाललं तर हार्डवेअर धड आहे हेही तिथेच सिद्ध होतं. म्हणूनच जुना कर्नल लगेच पुसू नये. फेडोरा मूळ मांडणीत तीन ठेवतो. आर्चवाल्यांनी 'लिनक्स-एलटीएस' हा दीर्घ मुदतीचा कर्नल शेजारी बसवून ठेवावा.

ज्यांच्याकडे एसीएच आधीच आहे त्यांनी तो फेकू नये. मार्च २०२५ मध्ये आलेल्या कर्नल ६.१४ मध्ये आणि त्यापुढच्या कर्नलमध्ये आरटीएल८८१२एयूला मूळ कर्नलमधल्या आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हरचा आधार आहे. डेबियन १३ चा कर्नल ६.१२ आहे, तिथे तो मूळ पॅकेजमध्ये नाही. उबुंटू २४.०४ वर मूळचा ६.८, पण एचडब्ल्यूईने (उबुंटूच्या नव्या कर्नलच्या पॅकेजने) ६.१४ वा त्यापुढचा येतो. ६.१४ वा पुढे गेलात, तर बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसमधून काढा, मगच मशीन पुन्हा सुरू करा. दोन्ही ड्रायव्हर एकाच उपकरणावर हक्क सांगतात आणि कोण जिंकेल याचा भरवसा नसतो. 'मॉडप्रोब डॉट डी'मध्ये आरटीडब्ल्यू८८ ला ब्लॅकलिस्ट करणारी जुनी ओळ राहिली आहे का तेही बघा. बाहेरच्या ड्रायव्हरच्या स्क्रिप्ट अशा ओळी टाकून ठेवतात. आणि जुन्या कर्नलवर बाहेरच्या ड्रायव्हरनेच राहायचं असेल व नेटवर्क दिसूनही जोडणी होत नसेल, तर नेटवर्क मॅनेजरमधलं शोधतानाचं मॅक बदलणं बंद करून बघा.

नव्याने घ्यायचा असेल तर माझं मत सरळ एसीएमला. वाय-फाय ६ई हवंच असेल तर त्याच कंपनीचा एडब्ल्यूयूएस०३६एएक्सएमएल बघा. त्यात मीडियाटेकची एमटी७९२१एयू चिप आहे आणि ड्रायव्हर ५.१८ पासून कर्नलमध्ये आहे. मात्र त्यासाठी कर्नल त्याहून जुना नसावा, आणि वीज जास्त लागत असल्यामुळे छोट्या बोर्डावर लावताना स्वतःचा पुरवठा असलेला हब मध्ये घ्यावा.